निवृत्तीच्या उंबरठ्यावर तेजीमंदीचा अभ्यास

साठी जवळ आली म्हणजे मनुष्यास दोन प्रकारचे हितचिंतक भेटूं लागतात. एक प्रकृतीविषयीं बोलणारे व दुसरे पैशाविषयीं बोलणारे. पहिल्यांचें म्हणणें आम्ही आदरानें ऐकून विसरून जातों. दुसऱ्यांचें विसरवत नाहीं. कारण महिनाअखेरीस येणारा पगार अमुक तारखेपासून बंद होणार, ही गोष्ट पंचांगांतील ग्रहणाप्रमाणें अगोदरच कळलेली असते. आम्ही एका खाजगी कारखान्यांत हिशेबनीस आहों. सरकारी पेन्शन आमच्या नशिबीं नाहीं. भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी आणि तीस वर्षांत काटकसरीनें जमविलेले कांहीं शेअर व म्युच्युअल फंड, एवढीच काय ती शिदोरी. २०२३ च्या दिवाळींत सर्व मंडळी फराळास बसली असतां ही शिदोरी पुरेल कीं नाहीं असा विषय निघाला. आमचा पुतण्या संगणकाच्या धंद्यांत आहे. तो चकली मोडीत सहज म्हणाला, "काका, तुम्ही ऑप्शन कां शिकत नाहीं? शेअर नुसते पडून आहेत. ते तारण ठेवले तर दर आठवड्याला दोनचार हजार सहज निघतात."

त्या दिवसापासून पुढील आठ महिन्यांत आम्हांस जो विद्यालाभ झाला, व तो ज्या किंमतीस झाला, त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. आमच्या वाचकवर्गांत निवृत्तीच्या जवळ आलेले गृहस्थ पुष्कळ असतील. आणि ज्यांच्या घरीं असा एखादा गृहस्थ रात्रीं अकरापर्यंत मोबाइलवर तांबडेहिरवे आंकडे न्याहाळीत बसतो, अशा गृहिणीही असतील. दोघांसही ती उपयोगी पडावी.

ऑप्शन हा शब्द नवा वाटला तरी वस्तु जुनी आहे. घर विकत घेतांना आपण इसार देतों, त्यावरून ती चटकन समजते. समजा, कोथरूडमधील एक सदनिका एक कोटीस ठरली, आणि दोन लाख इसार देऊन तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. मुदतींत भाव वाढून तीच जागा एक कोटी दहा लाखांची झाली, तर आपल्या हातांतील हक्क दहा लाखांचा झाला. भाव पडला तर इसारावर पाणी सोडून मोकळें व्हावें. दोन लाखांपलीकडे नुकसान नाहीं. (प्रत्यक्ष इसारपत्रांत घेणाऱ्यास इतक्या सहजासहजीं अंग काढून घेतां येत नाहीं, पण दृष्टांतास वकील लावूं नये.) शेअरबाजारांत या इसारास प्रीमियम म्हणतात, ठरीव भावास स्ट्राइक म्हणतात व मुदत संपण्याच्या दिवसास एक्स्पायरी. ठरीव भावानें घेण्याचा हक्क तो कॉल. ठरीव भावानें विकण्याचा हक्क तो पुट. पहिला भाव चढला असतां फळतो, दुसरा पडला असतां.

मुंबईच्या बाजारास हें ज्ञान विलायतेंतून आणावें लागलें नाहीं. १९५६ च्या रोखे-करार कायद्यांत ऑप्शनची व्याख्या आहे, तींत पुट व कॉल या इंग्रजी शब्दांच्या आधीं 'तेजी', 'मंदी', 'तेजीमंदी' आणि 'गल्ली' हे पेढ्यांवरचे शब्द जसेच्या तसे घातलेले आहेत. कायद्याच्या रुक्ष इंग्रजींत हे शब्द अचानक भेटले, तेव्हां परगांवीं आपल्या आळींतला मनुष्य भेटावा तसें आम्हांस वाटलें. गंमत अशी कीं, त्याच कायद्याच्या विसाव्या कलमानें हे सर्व व्यवहार बेकायदा ठरविले होते. तें कलम १९९५ मध्यें रद्द झालें, आणि २००१ च्या जून महिन्यांत निर्देशांकावरील ऑप्शन मुंबईंत राजरोसपणें सुरू झाले. आमच्या वडिलांच्या उभ्या नोकरींत जी गोष्ट निषिद्ध होती, ती आमच्या उतारवयांत मोबाइलवर आली.

शिकायचें तर शास्त्रशुद्ध शिकावें, ही आमची जुनी खोड. रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेकांठीं राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेचें विद्यालय आहे. त्या संस्थेची एक परीक्षा या विषयावर असते. ब्रोकरकडे सौदे घालणाऱ्या नोकरांस ती द्यावीच लागते, पण कोणासही देतां येते. शंभर प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण होण्यास साठ गुण, आणि चुकलेल्या उत्तरागणिक पाव गुण कापणार. आम्ही तिला बसलों. परीक्षागृहांत आमच्याखेरीज सर्व विशीपंचविशींतील मुलें होतीं, व दारावरच्या शिपायानें आम्हांस पर्यवेक्षक समजून खुर्ची दिली. एकूणऐंशीं गुण मिळाले. त्या एकूणऐंशीं गुणांनीं पुढें आमचें जें नुकसान केलें, तें नापास झाल्यानें खचित झालें नसतें.

या अभ्यासांत एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. प्रीमियमचे दोन भाग असतात. आज या क्षणीं हक्क बजावला तर जें पदरांत पडेल तो एक. आणि 'अजून मुदत आहे, कांहींतरी घडेल' या आशेची किंमत तो दुसरा. हा दुसरा भाग देवघरांतल्या कापराप्रमाणें असतो. डबी उघडा किंवा न उघडा, तो उडतच असतो. बाजार तसूभर हालला नाहीं तरी उद्यांचा कापूर आजच्याहून कमी. शिवाय हें उडणें सारख्या गतीनें होत नाहीं. चार आठवडे मुदतीचा कापूर एका आठवड्याच्या कापराच्या चौपट महाग नसतो, सुमारें दुप्पट असतो. मुदत जवळ आली कीं तो भराभर उडतो. त्याची किंमत काढण्याचें सूत्र फिशर ब्लॅक व मायरन शोल्स या दोन विद्वानांनीं १९७३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं शिकागोस ऑप्शनचा पहिला स्वतंत्र बाजार उघडला. तें गणित आम्हीं वहींत उतरवून दोन रात्रीं सोडविलें. तीस वर्षें जमाखर्च लिहिणाऱ्या मनुष्यास असा आनंद क्वचित् मिळतो.

कापूर उडतो हें एकदां कळलें म्हणजे पुढचा विचार आपोआप सुचतो: मग आपण कापूर विकत कां घ्यावा? विकावा! घेणारा बहुधा हरतो. तेव्हां विकणारा बहुधा जिंकणार. पुतण्या नेमकें हेंच करीत होता. बाजार आहे त्यापासून पुष्कळ खालचा पुट विकावयाचा, प्रीमियम खिशांत घालावयाचा, व गुरुवारीं एक्स्पायरी झाली कीं दुसऱ्या आठवड्याचा विकावयाचा. त्या वेळीं निफ्टीची साप्ताहिक मुदत गुरुवारीं संपत असे. आम्हीं म्युच्युअल फंडांतील कांहीं भाग तारण ठेवून मार्जिनची सोय केली, आणि २०२४ च्या जानेवारीपासून दर आठवड्यास पन्नासाचे दोन लॉट, म्हणजे शंभर नग, विकूं लागलों. एप्रिलअखेर लॉट पंचविसाचा झाला, तेव्हां दोनाचे चार केले.

मेअखेरपर्यंत बावीस आठवडे झाले. त्यांपैकीं एकोणीस आठवडे नफा, तीन आठवडे किरकोळ तोटा. सर्व खर्च वजा जातां ६३,४०० रुपये हातीं राहिले. आम्ही घरांत थोडे ताठ मानेनें वावरूं लागलों. दादांना, म्हणजे आमच्या वडील बंधूंना, बँकेंतून निवृत्त होऊन सात वर्षें झालीं. त्यांच्यासमोर आम्ही मुदतठेवीच्या व्याजाचा उल्लेख कींव केल्यासारखा करूं लागलों. वहिनींनीं तर एकदां नव्या पातेल्यांच्या संचाची गोष्ट काढली. एकट्या आईनें, तिचें वय चौऱ्यायशींचें, जपाची माळ थांबवून विचारलें, "अरे, पण हे पैसे तुला देतो कोण? आणि कशाबद्दल?"

हा प्रश्न परीक्षेच्या शंभर प्रश्नांत नव्हता. आम्हीं उत्तर दिलें कीं, बाजार कोसळेल अशी ज्यांस भीति वाटते ते देतात. "म्हणजे तूं त्यांचा विमा उतरवतोस," ती म्हणाली, आणि माळ पुढें चालू झाली.

२०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत लोकसभेचा निकाल होता. शनिवारीं, १ तारखेस, मतदानोत्तर अंदाज प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या भरवशावर सोमवारीं, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्के चढून २३,२६३.९० वर बंद झाला. निकालाच्या आदल्या दिवशीं पुटचा प्रीमियम नेहमींपेक्षां पुष्कळ फुगलेला होता. आम्हीं हिशेब केला. २२,५०० चा पुट म्हणजे बाजारापासून साडेसातशें अंकांहून अधिक खालीं. मुदत तीन दिवसांची. गुरुवारपर्यंत निफ्टी २२,५०० च्या खालीं जाणार नाहीं, असें आमचें मत. चार लॉट विकले. दर ७२ रुपये. मिळकत ७,२०० रुपये. येथें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, गुरुवारविषयींचें आमचें हें मत अखेर बरोबर ठरलें.

मंगळवारीं, ४ जूनला, आम्हीं कचेरींतून रजा घेतली होती. निकालाचे आंकडे अंदाजांप्रमाणें येत नाहींत असें दिसूं लागतांच बाजार उतरूं लागला. अकराच्या सुमारास आम्ही घाबरलों नव्हतों. 'गुरुवारपर्यंत' हा शब्द मनांत धरून बसलों होतों. त्यानंतर मोबाइलवर संदेश आला कीं, आपल्या खात्यांत मार्जिन अपुरें आहे, त्वरित भरणा करावा. न केल्यास सौदे बंद करण्यांत येतील. किती भरावें? एक आंकडा दिला होता; पांच मिनिटांनीं तो वाढला; आणखी पांच मिनिटांनीं पुन्हां वाढला. आपण ज्याचा विमा उतरविला, त्याच्या घरास खरोखरच आग लागली आहे व दावेदार दारांत उभा आहे, असा तो प्रकार. मार्जिन भरण्यास मुदतठेव मोडावी काय, असा विचार मनांत आला. ती ठेव धाकट्या मुलीच्या लग्नाची. आमच्या सौ. शेजारीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ती मोडायची नाहीं." एवढेंच. आवाजांत राग नव्हता.

निफ्टी २१,५०० च्या आसपास असतां आम्हीं चारही लॉट परत विकत घेतले, दर १,०९०. ज्या वस्तूचे ७२ रुपये घेतले होते तिचे १,०९० दिले. नगास १,०१८ प्रमाणें शंभर नगांचे एक लाख एक हजार आठशें रुपये गेले. बावीस आठवड्यांची कमाई जाऊन वर ३८,४०० चा खड्डा. त्या दिवशीं निफ्टी आणखी खालीं, २१,३०० च्याही खालीं जाऊन आला, आणि १,३७९ अंकांच्या घसरणीनें २१,८८४.५० वर बंद झाला. टक्केवारी ५.९३.

पुढची गोष्ट अधिक बोचणारी आहे. बुधवारीं बाजार सावरून २२,६२०.३५ वर गेला. गुरुवारीं, ६ जूनला, एक्स्पायरीच्या दिवशीं, तो २२,८२१.४० वर बंद झाला. म्हणजे आमचा २२,५०० चा पुट शून्य किंमतीचा होऊन संपला. आम्ही झोपून राहिलों असतों, तर ७,२०० रुपये पदरांत पडते.

हा प्रसंग ऐकून आमचे कित्येक मित्र म्हणाले, "धीर धरायला हवा होता." आम्हांसही महिनाभर तसेंच वाटत होतें. परंतु धीर कोणाच्या जिवावर धरावयाचा? मार्जिन भरण्यास ज्याच्याजवळ अमाप पैसा आहे, त्याचा धीर निराळा. मुलीच्या लग्नाची ठेव मोडून धरावयाचा धीर निराळा. शिवाय मंगळवारीं दुपारीं गुरुवारचा भाव कोणास ठाऊक होता? तो आणखी हजार अंक खालीं जाता, तर हेच मित्र आमच्या अक्कलहुशारीची तारीफ करते. परीक्षेंत उत्तर बरोबर आलें कीं गुण मिळतात. येथें बरोबर उत्तर लिहिणारास तीन तास पेपर संपेपर्यंत बसूं देतीलच, अशी खात्री नसते. तरुण मनुष्याचें असें नुकसान पुढील पगारांतून भरून निघतें. ज्याचे मोजकेच पगार राहिले आहेत त्यानें तो हिशेब निराळा मांडावा.

आईच्या विम्याच्या दृष्टांतावर आम्हीं नंतर पुष्कळ विचार केला. विमा कंपनी हजारों घरांचा विमा उतरते, आणि हजार घरांस एकाच दिवशीं आग लागत नाहीं. तिचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. निर्देशांकाचा पुट विकणारा दर आठवड्यास विमा उतरतो खरा, पण एकाच घराचा. बावीस आठवडे आग लागली नाहीं, म्हणजे तें घर दगडी आहे असें त्यास वाटूं लागतें. चूक आम्हां अर्धवटांचीच होते असेंही नाहीं. ब्लॅक १९९५ मध्यें वारले. त्या सूत्राबद्दल १९९७ मध्यें शोल्स व रॉबर्ट मर्टन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आणि हे दोघे ज्या अमेरिकन फंडाचे भागीदार होते, तो दुसऱ्याच वर्षीं, १९९८ च्या सप्टेंबरांत, बुडण्याच्या बेतास आला. चौदा बँकांनीं व पेढ्यांनीं मिळून सुमारें ३.६ अब्ज डॉलर घातले, तेव्हां पडझड आवरली. एकूणऐंशीं गुणांची काय कथा!

अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत मिलेटसच्या थेलीज या तत्त्वज्ञाची एक गोष्ट सांगितली आहे. ऑलिव्हचें पीक यंदां भरपूर येणार असें ताऱ्यांवरून ताडून थेलीजनें हिवाळ्यांतच मिलेटस व किऑस येथील सर्व घाणे थोडथोडा इसार देऊन आपल्या नांवें करून ठेवले, आणि हंगामांत मनमानी भाड्यानें दिले. ऑप्शनवरचे ग्रंथ ही गोष्ट अगत्यानें देतात. ती वाचतांना आमच्या लक्षांत आलें नाहीं तें एवढेंच, कीं थेलीजनें इसार दिला होता, घेतला नव्हता. पीक बुडतें तर त्याचा इसार बुडता; अंगावरचा सदरा राहता.

आमची हकीकत एकट्याची असती तर ती छापण्याचें कारण नव्हतें. बाजाराची नियामक संस्था सेबी, तिनें २०२४ च्या सप्टेंबरांत एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींचा तींत हिशेब आहे. शेंकडा ९३ जणांस तोटा. माणशीं सरासरी सुमारें दोन लाख. सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. सर्व खर्च जाऊन एक लाखावर नफा झालेला मनुष्य शंभरांत एक. मग तो पैसा जातो कोठें? त्याच पाहणीप्रमाणें २०२३-२४ या एका वर्षांत खर्चापूर्वीं स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांस सुमारें ३३,००० कोटींचा व परदेशी गुंतवणूकदारांस सुमारें २८,००० कोटींचा नफा झाला, आणि त्यांतील बहुतेक नफा यंत्रांनीं आपोआप घातलेल्या सौद्यांचा. आम्ही चष्मा पुसून घेईपर्यंत तीं यंत्रें आपला दिवसाचा हिशेब उरकून बसलेलीं असतात. सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा आंकडा निराळाच आहे: लागोपाठ दोन वर्षें तोटा सोसून तिसऱ्या वर्षीं पुन्हां उतरणारे, तोटा झालेल्यांपैकीं शेंकडा ७५ हून अधिक. २०२४-२५ ची पाहणी पुढें आली, तींत तोटा होणारे शेंकडा ९१, व एकंदर तोटा १,०५,६०३ कोटी.

सेबीनेंही कांहीं लगाम लावले. २०२४ च्या २० नोव्हेंबरपासून दर बाजारास एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक करार ठेवण्यास परवानगी राहिली, कराराचें किमान मूल्य पंधरा लाखांवर नेलें, आणि निफ्टीचा लॉट पंचविसाचा पंचाहत्तरांचा झाला. हेतु चांगला, पण शिकाऊ मनुष्यास लहान प्रमाणांत धडा घेण्याची सोय त्यामुळें कमी झाली, असें आमचें मत आहे. पंचविसांत ठेंच लागण्याऐवजीं तेव्हां ती पंचाहत्तरांत लागूं लागली.

सरकारी नोकरींतील वाचकांस एक सूचना द्यावीशी वाटते. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांपैकीं सोळाव्या नियमानें नोकरास शेअरांत सट्टा करण्यास बंदी आहे, व वारंवार केलेली खरेदीविक्री सट्टाच मानली जाते. तेव्हां हा नाद निवृत्तीआधीं लावून घेण्यापूर्वीं तो वाचावा. दुसरें असें कीं, या व्यवहारांतील नफातोटा प्राप्तिकराच्या दृष्टीनें धंद्याचा धरतात. पगारदाराचें सोपें विवरणपत्र चालत नाहीं. आम्ही स्वतः हिशेबनीस असून त्या वर्षीं विवरणपत्र भरण्यास तीन रविवार गेले.

मग हा अभ्यास आम्हीं सोडला काय? नाहीं. तसें करणें म्हणजे एकदां भाजलें म्हणून स्वयंपाकघरास कुलूप घालण्यासारखें झालें असतें. पण त्याची जागा बदलली. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेची मर्यादा २०२३ च्या एप्रिलमध्यें पंधरा लाखांवरून तीस लाख झाली व व्याज ८.२ टक्के ठरलें. त्या दरानें तीस लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये येतात. बावीस आठवडे रात्रीं जागून आम्हीं मिळविले जवळजवळ तेवढेच. हें गणित आम्हीं दादांस दाखविलें. त्यांनीं मुदतठेवीविषयीं एक अक्षरही काढलें नाहीं, हा त्यांचा मोठेपणा. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं आली कीं ती प्रथम तेथें जाईल. निवृत्तीनंतरचा पीठमिठाचा खर्च कोणत्याही तेजीमंदीवर अवलंबून ठेवावयाचा नाहीं, असें आम्हां दोघांचें ठरलें आहे.

ऑप्शनसाठीं वर्षास चोवीस हजार रुपये. हे सौ. आपल्या घरखर्चाच्या वहींत 'विद्या' या सदरांत लिहितात, वर्तमानपत्राच्या बिलाखालीं. ते संपले कीं वर्षाचा अभ्यास संपला. या पैशांतून आम्ही विकत घेतों, विकत नाहीं. इसार देतों, घेत नाहीं. वर्षांतून एकदोन वेळां, बाजार फार चढला आहे असें वाटलें, तर आमच्या फंडांच्या रक्षणासाठीं दूरच्या मुदतीचा एक पुट घेतों. तो बहुधा फुकट जातो. घराच्या आगीच्या विम्याचा हप्ताही आजवर फुकटच गेला आहे. बाकी सारे सौदे कागदावर. शंभर पानी वही, डाव्या पानावर सौदा व तो कां केला त्याचें कारण, उजव्या पानावर झालें काय तें. कारणें वाचून आपलीच करमणूक होते. 'वाटलें' हा शब्द किती वेळां येतो, तें आम्हीं एकदां मोजलें होतें. आंकडा येथें देत नाहीं.

पुतण्या अद्यापि पुट विकतो. मात्र आतां खालचा आणखी एक पुट विकतही घेतो, म्हणजे आग कितीही भडकली तरी दाव्यास मर्यादा राहावी. तो म्हणतो, "काका, ही युक्ति तुमच्यामुळें सुचली." या विद्येंत आम्ही कोणाचे गुरु झालों असूं तर ते असे.

निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी २०२५ च्या सप्टेंबरपासून मंगळवारीं आली. त्या दिवशीं संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर आम्ही उजवें पान भरतों. गेल्या मंगळवारीं कागदावर ४,३०० रुपये नफा निघाला. तो आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविला. आईनें विचारलें, "खरे कीं वहींतले?" वहींतले, असें म्हणतांच तिनें माळ उचलली, आणि सौ.नीं चहाचा पेला वहीवरच आणून ठेवला.